टेबलावरची टोळी रंगवताना : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कर्मिश म्हणजे चकमकीचा खेळ. त्यात शंभर शिपायांची फौज नसते, प्रत्येकाकडे मूठभर मिनिएचर, म्हणजे माणसांच्या चिमुकल्या मूर्ती असतात, तीच त्याची टोळी. म्हणूनच इथली प्रत्येक मिनी ओळखीची होते, तिला नाव पडतं आणि ती रंगवताना जीव ओतला जातो. मी बरीच वर्षं सोलापुरात घरीच टोळ्या रंगवतोय. नवीन मुलंमुली, त्यांचे आईवडील, सुट्टीत पुण्याहून आलेले मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. सोलापूरचं ऊन, इथलं पाणी आणि इथे मिळणारं सामान धरूनच ती दिली आहेत.

टोळीत किती जण असतात आणि रंगवायला किती वेळ लागतो?

ते खेळावर आहे. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये एक मांत्रिक, त्याचा शिष्य आणि जास्तीत जास्त आठ सैनिक, म्हणजे सगळे मिळून दहा. मॅलिफॉक्समध्ये फासे नसतात, पत्त्यांवर खेळ चालतो. तिथे एक म्होरक्या आणि त्याच्या भोवती त्याची माणसं. मिनीची उंची साधारण २८ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. मला सात जणांच्या टोळीला रविवार-रविवार धरून पाच आठवडे लागतात. पहिल्या टोळीला अडीच महिने लागले होते. तुम्हालाही तेवढे लागले तर ते योग्यच आहे.

रंग कोणते निवडू? बाटल्या बघून गोंधळ होतो.

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. ब्रश, वॉश (खोबणीत सावली सोडणारा पाणीदार रंग), हायलाइट (उंच भाग उजळणं) हे हाताला सवयीने येतं. टोळी मात्र रंग ठरवतानाच जमते किंवा फिसकटते.

माझ्या मामांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. सोलापुरी चादर जवळ घेऊन बघा. मोर असेल, कमळ असेल, कडेला नक्षीचा पट्टा असेल, पण मोजायला गेलात तर मुख्य धागे दोनच रंगांचे. मरून आणि पिवळा, किंवा हिरवा आणि पांढरा. तेच दोन रंग उलटसुलट येतात आणि सगळी चादर भरल्यासारखी दिसते. आता चादर उलटी करा. तोच मोर, पण जिथे मरून होता तिथे पिवळा आणि पिवळ्याच्या जागी मरून.

मी टोळी अशीच रंगवतो. दोन रंग ठरवायचे. माझ्या आत्ताच्या टोळीत गडद मरून आणि मोहरीचा पिवळा आहे. सहा जणांच्या अंगावर मरून कोट, पायघोळ झगा किंवा टोपी, आणि पिवळा फक्त रुमालाला, कमरपट्ट्याला, बाहीच्या काठाला. म्होरक्याची मात्र चादर उलटी. त्याचा कोट पिवळा आणि काठ मरून. टेबलाच्या पलीकडच्या माणसाला म्होरक्या शोधावा लागत नाही, आणि तो परक्या टोळीतलाही वाटत नाही.

चामडं, लाकूड, पट्टे, बूट हे सगळ्यांचे एकाच तपकिरी रंगाने. तो तिसरा धागा. लोखंड सगळ्यांचं एकच. टोळीत कुत्रा, भूत किंवा यंत्रमानव असेल तर त्याच्या अंगावर मरून कोट घालता येत नाही, पण कुत्र्याच्या गळ्यात पिवळा पट्टा येतो, भुताच्या साखळीला मरून गंज येतो. ठरवलेला धागा प्रत्येकाच्या अंगावरून एकदा तरी गेला पाहिजे.

तपासायची रीत सोपी आहे. सगळ्या मिनी जमिनीवर फरशीवर ठेवा, उभे राहा आणि वरून बघा. डोळे, बटणं, नक्षी काही दिसणार नाही, रंगांचे ठिपके तेवढे दिसतील. त्या ठिपक्यांवरून 'हे सगळे एकमेकांचे आहेत' असं वाटलं, तर रंग जमले.

रंगवण्याआधी मिनी धुवायची का?

हो. साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलेलं असतं, विशेषतः रेझिनच्या मिनीवर. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना दात घासायचा ब्रश आणि मग रात्रभर वाळवण. साच्याची रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा. सांध्यात फट असेल तर एम-सील बारीक वळून भरा. रेझिन घासायचं असेल तर ओलं करूनच घासा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

थ्रीडी प्रिंट केलेली मिनी मित्राकडून आणली असेल आणि ती हाताला चिकट लागत असेल, तर रेझिन अजून कच्चं आहे. ते कातडीला त्रास देतं. हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग गच्चीत उन्हात ठेवा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारला तर अंगावर रव्यासारखे कण आले. काय चुकलं?

वेळ चुकली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी दुपारी गच्चीवर स्प्रे मारला की रंगाचा थेंब मिनीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि भुकटी होऊन चिकटतो. मे महिन्यात एका दुपारी दोन वाजता मी पाच मिनी अशा घालवल्या. त्यातल्या एका बाईच्या चेहऱ्यावर इतके कण बसले की नाकडोळे हाताला लागेनात. सगळं काढून पुन्हा करावं लागलं.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ ही वेळ धरा. डबा दोन मिनिटं नीट हलवा, वीतभर अंतरावरून, मिनीच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपवत छोटे फवारे मारा. तोंडावर मास्क हवाच. आणि स्प्रेचा डबा उन्हात किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नका, तो फुटू शकतो.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी प्रायमर कडक प्लॅस्टिकवर आणि धातूवर मला चांगला चालला आहे. बोर्ड गेममधल्या मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर तो कधी कधी वाळतच नाही, महिनाभर चिकट राहतो. आधी बेसच्या, म्हणजे मिनी उभी असते त्या चकतीच्या, खालच्या बाजूला मारून बघा. स्प्रेची कटकट नको असेल तर चित्रकलेच्या सामानात मिळणारा जेसो पाणी घालून पातळ करा आणि ब्रशने लावा. वाळताना तो आक्रसतो आणि बारीक कोरीवकाम उघडं राहतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हेच सांगतो.

परदेशी रंगच लागतात का? फेव्हिक्रिल, कॅमल चालत नाही का?

चालतं. व्हायेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर या रंगांची पूड बारीक असते, त्यामुळे पातळ केले तरी ते झाकतात. आपल्याकडचे अ‍ॅक्रिलिक दाट असतात आणि तसेच लावले तर मिनीचे बारकावे बुजतात. दुधासारखे पातळ करून दोनतीन हात द्यावे लागतात. काळा, तपकिरी, गेरू, बेसचे मातकट रंग मी इथलेच वापरतो. पांढरा, पिवळा आणि धातूचे रंग मात्र मिनिएचरसाठी बनवलेले घ्या, कारण झाकण्यात खरा फरक तिथेच पडतो. पाचसहा बाटल्या पुरतात. टोळीचे धागे ठरले असतील तर मोठ्या संचाची गरजच नाही.

ब्रश दोनच घ्या, एक नंबरचा आणि दोन नंबरचा. टोक चांगलं असेल तर दोन नंबरच्या ब्रशने डोळासुद्धा काढता येतो. अगदी बारीक ब्रशवर रंग इतका थोडा बसतो की मिनीपर्यंत नेईस्तोवर वाळतो.

रंग पॅलेटवरच वाळतो. सारखं पाणी घालत बसू का?

ओली पॅलेट करा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तिच्याशिवाय काम होत नाही. चपटा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाण्याने भिजवलेला पातळ स्पंज आणि वर केक भाजताना ताटलीत घालतात तो कागद. कागदातून खालची ओल हळूहळू वर येते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. दुकानात 'बटर पेपर' मागितला की स्टेशनरीवाले चित्र गिरवायचा कागद देतात. मीही तोच आणला होता. स्पंजवर ठेवल्यावर पाच मिनिटांत तो पापडासारखा फुगला, कडा वर आल्या आणि रंग मधल्या खळग्यात वाहून एक झाला. तेव्हा किराणा किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात जा आणि 'केक भाजायचा कागद' असं स्पष्ट सांगून मागा.

उन्हाळ्यात डब्यातलं पाणी तिसऱ्या दिवशी वास मारतं. स्पंज धुवा, पाणी बदला. डोक्यावरचा पंखा चालू असेल तर रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. मी टेबल फॅन पायांच्या दिशेला लावतो आणि वरचा बंद ठेवतो.

एकेक मिनी पूर्ण करू, की सगळ्या एकदम?

वॉशपर्यंत सगळ्या एकदम, त्यानंतर एकेक. मरून घेतला की सातही जणांचा मरून, मग सगळ्यांचा तपकिरी, मग सगळ्यांचं लोखंड. असं केलं की रंगाची छटा सगळ्यांवर सारखी येते. आज कालवलेला मरून पुढच्या आठवड्यात हुबेहूब तसाच कालवता येत नाही. वॉश वाळल्यावर मात्र एकेकाला हातात घ्या. चेहरा आणि हात रांगेत बसवून उरकायची गोष्ट नाही. म्होरक्या शेवटी ठेवा, तोवर हात बसलेला असतो.

वॉश वाळल्यावर पांढरे डाग का उरतात?

पाण्यामुळे. बोअरचं पाणी जड असतं आणि वाळताना त्यातला क्षार मागे राहतो. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून बऱ्याच घरी बाकीच्या कामांना बोअरचंच वापरतात, रंगालाही तेच जातं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर आणा, रंग पातळ करायला ते महिनोन्‌महिने पुरतं. ब्रश धुवायला कुठलंही पाणी चालेल.

डाग पांढरा नसून काळपट कडेचा असेल, तर वॉश एका जागी साचला आहे. ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

बाटलीवर 'फ्लेश' लिहिलंय, पण माणूस गुलाबी दिसतो. आपल्यासारखी कातडी कशी रंगवायची?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला तेव्हा मला फार आनंद झाला. तिला आपल्या टोळीची म्होरकी आपल्या आजीसारखी दिसायला हवी होती.

बर्न्ट सिएना दोन थेंब, यलो ऑकर एक थेंब आणि ब्रशच्या टोकावर येईल इतकाच गडद निळा. निळ्याने लाली खाली बसते आणि उन्हात राबणाऱ्या माणसाचा रंग येतो. निळा वाढवलात तर सावळा, ऑकर वाढवलात तर गव्हाळ. दोन पातळ हात द्या. मग बर्न्ट अंबर खूप पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला आणि गळ्याखाली सोडा.

उजळ भागासाठी सरळ पांढरा मिसळू नका, सावळी कातडी त्याने राखेसारखी दिसते. मूळ मिश्रणात ऑकर वाढवा आणि मग कणभर पांढरा. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ आणि बोटांची पेरं, एवढ्याच जागा. तळहात बाकीच्या हातापेक्षा उजळ असतो, हे विसरू नका. टोळीतल्या सातही जणांची कातडी एकसारखी करू नका. एकाच घरातल्या भावंडांचेही रंग वेगळे असतात. त्या मुलीने आजीच्या कपाळावर गोंदणाचा हिरवट ठिपका दिला होता, टाचणीच्या टोकाने. हात लांब केला की तो दिसायचा नाही, जवळ आणला की त्याच्यावरून नजर हलायची नाही.

पांढरे कपडे नेहमी खडूसारखे का दिसतात?

कारण पांढरं कापड आपण पांढऱ्यानेच रंगवायला बसतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जा आणि नंदीध्वजांसोबत चालणाऱ्या माणसांच्या बाराबंदीकडे बघा. ती शुभ्र असते, पण दुपारच्या उन्हात काखेत, कोपराच्या आत, कमरेच्या चुण्यांत निळसर राखाडी सावली पडलेली असते. खरा पांढरा दिसतो तो खांद्यावर, छातीच्या फुगीर भागावर आणि बाहीच्या वरच्या कडेला. एकूण कापडाच्या चौथ्या हिश्शाएवढा. उरलेलं सगळं राखाडीच्या छटा.

मिनीवरही तसंच. आधी फिकट राखाडी, त्यात निळ्याचा अंश, दोन हात. वाळला की त्याच राखाडीत पांढरा मिसळत मिसळत घडीच्या उंच भागावर या, आणि घडीचा तळ आहे तसा सोडा. शुद्ध पांढरा फक्त शेवटच्या रेघांना. प्रत्येक हात इतका पातळ की खालचा रंग दिसत राहिला पाहिजे. एका बाहीवर मी पाच हात दिले तेव्हा कुठे ती कापडासारखी वाटायला लागली. पहिल्या दोन हातांनंतर ती खराब झाली असंच वाटत होतं. तिथे थांबू नका.

डोळे जमतच नाहीत.

सोडून द्या. २८ मिलिमीटरच्या माणसाच्या डोळ्यांत सावली असली तरी चेहरा जिवंत दिसतो. भुवई आणि गालाचं हाड नीट उजळलंत की पुरे.

हे काय लहान मुलांसारखं बाहुल्यांशी खेळणं, असं घरचे म्हणतात.

त्यांना एक मिनी आणि भिंग हातात द्या, आणि रंगवलेल्या कोटाची एक घडी दाखवा. आमच्या मामांनी तसं बघितलं आणि विचारलं, 'मरून दोन जातीचा दिसतोय, धागा बदललास का?' खरंच दोन जातीचा होता. घडीच्या आत मी जांभळट मरून सोडला होता. आयुष्यभर रंगांत काम केलेल्या माणसाला ते काही क्षणांत कळलं. आता प्रत्येक टोळीचे रंग मी आधी त्यांना दाखवतो.

बेसवर काय लावू? तयार गवत महाग पडतं.

सोलापुरात बेसचं सामान पायाखाली आहे. काळी माती नको. ती ओली झाली की रंग सोडते आणि वाळली की भेगाळते. मुरूम घ्या. चहाच्या गाळणीतून गाळा, खाली पडेल ती वाळू, वर उरतील ते दगड. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून बेसवर लावा, मुरूम पसरा, रात्रभर वाळू द्या, मग वरून पाणीदार फेव्हिकॉलचा आणखी एक हात. त्यानंतर गडद तपकिरी, त्यावर गेरू ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर) आणि शेवटी अगदी हलक्या हाताने फिकट पिवळट.

भाजलेल्या शेंगदाण्याची लाल सालं चटणी कुटताना उडतात, ती जपून ठेवा. चुरगाळून बेसवर टाकली की वाळक्या पानांचा सडा दिसतो. त्यांच्यावर पाणीदार फेव्हिकॉल भरपूर सोडा, नाहीतर मुंग्या येतात. उंच गवताला नारळाच्या काथ्याचे तुरे. टेबलावर आख्खं शेत करायचं असेल तर जुना टेरी टॉवेल तपकिरी रंगवा, त्याच्या धाग्यांची वेटोळी उभी राहतात आणि कापणी झालेल्या ज्वारीच्या रानासारखं दिसतं.

बेसची कड मात्र सगळ्यांची एकच, काळी किंवा गडद तपकिरी. मातीही सगळ्यांची एकच. एक जण वाळवंटात आणि एक बर्फात उभा असेल तर आधी केलेली रंगांची सगळी मेहनत वाया जाते.

व्हार्निश मारलं आणि मिनी धुक्यात गेल्यासारखी झाली.

हवा दमट होती. इथे सगळ्यांत जास्त पाऊस साधारण सप्टेंबरात असतो, त्या दिवसांत मॅट स्प्रे मारू नका. ब्रशने लावायचं मॅट व्हार्निश बाराही महिने चालतं. खेळताना मिनीला सारखा हात लागतो, म्हणून मी आधी ग्लॉसचा एक हात देतो आणि चकाकी घालवायला वर मॅट. धुकं आलंच असेल तर ग्लॉसचा पातळ हात पुन्हा देऊन बघा, पुष्कळदा ते जातं.

सगळंच बिघडलं. रंग काढता येतो का?

येतो. कडक प्लॅस्टिक किंवा धातूची मिनी असेल तर ती डेटॉलमध्ये, पाणी न घालता, रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी हातमोजे घालून जुन्या ब्रशने घासा. पण लगेच पाण्याखाली धरू नका. डेटॉल, पाणी आणि सुटलेला रंग एकत्र आले की डांबरासारखा चिकट थर होतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच खंगाळा, मग साबणाचं पाणी. रेझिनची मिनी यात घालू नका. आणि नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिकच विरघळतं.

पुण्याला खेळायला जायचंय. मिनी कशा नेऊ?

बेसच्या पोकळीत छोटं निओडिमियम चुंबक फेव्हिक्विकने बसवा. सुकेपर्यंत मिनी उघड्यावर ठेवा, बंद डब्यात फेव्हिक्विकची वाफ रंगावर पांढरी बसते. नंतर पत्र्याच्या डब्यात उभ्या करा, मिठाईचा किंवा बिस्किटांचा चालेल. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला बऱ्याचदा चुंबक चिकटत नाही, आधी लावून बघा. मी डबा हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मांडीवर घेऊन बसतो. उन्हाळ्यात तो खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकची तलवार किंवा भाला वाकला तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून लगेच गार पाण्यात घाला. रंग पूर्ण वाळलेला आणि व्हार्निश केलेला असेल तर त्याला सहसा काही होत नाही.